मतदानाची रांग लांब असेल तर: घरून निघण्यापासून बोटाला शाई लागेपर्यंत

२० मे २०२४. लोकसभेच्या मतदानाचा पाचवा टप्पा, मुंबई-ठाण्याची पाळी, आणि अंगाची लाही करणारं ऊन. एका शाळेच्या पटांगणात मी सव्वादोन तास उभी होते. शाळा कुठली ते सोडा. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या पुढचे सहा-सात जण वैतागून घरी गेले. त्यातले दोघे ‘जेवून येतो’ म्हणाले होते, ते परत दिसले नाहीत. माझ्या मागे मात्र सत्तरीच्या एक मावशी होत्या. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि सतत तोंडावर हसू. त्या काय वेगळं करत होत्या, हे मी उभ्याउभ्या बघत राहिले. या लेखातल्या निम्म्या युक्त्या त्यांच्याच.

उरलेल्या निम्म्या दाराच्या आतल्या बाजूने शिकले. मी शिक्षिका आहे आणि तीन निवडणुकांत मतदान अधिकारी म्हणून माझी ड्युटी लागली आहे. आत बसल्यावर कळतं की रांग का अडते. बाहेर उभं राहिल्यावर कळतं की ते कुणीच सांगत नाही. उभं राहून पाय दुखतात ते दुखतातच, पण माणूस खरा पिचतो तो ‘पुढे काय चाललंय’ हे न कळल्यामुळे.

आदल्या रात्रीचं काम

रांगेतला उत्साह टिकवायची तयारी आदल्या रात्री होते, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम दोन आकड्यांचं आहे: मतदारयादीचा भाग क्रमांक आणि त्या भागातला तुमचा अनुक्रमांक. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर, आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या नंबरवर फोन करून ते मिळतात. बीएलओने, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या बूथस्तरीय अधिकाऱ्याने, घरी चिठ्ठी आणून दिली असेल तर तिच्यावरही असतात. हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण फोन आत जाणार नाही.

एकाच शाळेत सहा-सात बूथ असतात आणि प्रत्येकाची रांग वेगळी. आमचे ‘हे’ एकदा चाळीस मिनिटं शेजारच्या खोलीच्या रांगेत उभे राहिले, ओळखीचे जोशी काका तिथे दिसले म्हणून. दारात गेल्यावर कळलं की जोशी काकांची बिल्डिंग वेगळ्या भागात आहे. परत नव्या रांगेच्या शेपटीला. त्या दिवशी घरी कोणी त्यांच्याशी फारसं बोललं नाही.

ओळखपत्र मूळ घ्या. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड अशी इतर कागदपत्रंही चालतात. अट एकच, नाव यादीत हवं. बीएलओची चिठ्ठी ही ओळखपत्र नाही, ती फक्त वाट दाखवते. दोन तास उभं राहून दारात पोचल्यावर ‘आधार फोनमध्ये आहे’ म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा मी आतून पाहिला आहे. तो पुन्हा बघायची इच्छा नाही.

घरात ८५ वर्षांपुढचे कोणी असतील किंवा ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेलं कोणी असेल, तर लोकसभा-विधानसभेला घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठी १२-डी हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे हे आदल्या रात्री आठवून उपयोग नाही.

पिशवी

छोटी कापडी पिशवी पुरते. मोठी सॅक नेली की दारातला पोलीस अडवतो आणि मग ती कुणाकडे ठेवायची हा नवा घोर.

पाण्याची बाटली, उन्हाळा असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. खायला राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की. वडापाव नको. तेलकट हाताने सही करताना कागद खराब होतो आणि तहानही लागते. एक रुमाल, एक छत्री. छत्री मे महिन्यात उन्हाला आणि एरवी टेकायला. घड्याळ मनगटावरचं घाला, पुढच्या हिशोबाला लागणार आहे. पायात रोजची, मुरलेली चप्पल. मतदानाच्या दिवशी नवी कोल्हापुरी घालून मिरवायची हौस मला एकदा आली होती, तिची किंमत टाचेने मोजली.

वर्तमानपत्र न्यायचं असेल तर शब्दकोड्याचं पान तेवढं घडी करून न्या. अख्ख्या अंकात त्या दिवशी पक्षांच्या जाहिराती असतात. ते रांगेत फडफडवत उभं राहिलं की उगाच कोणाच्या तरी भुवया वर जातात.

आता फोन. २०२४ मध्ये फोनवरून कितीतरी लोकांना परत पाठवलं गेलं. २०२५ मध्ये आयोगाने केंद्राच्या दाराशी फोन ठेवायची सोय करायला सांगितलं, तोही बंद करून. सोय असली तरी मी फोन घरीच ठेवते. एकतर परत घेताना आणखी एक रांग. शिवाय फोन नसला की रांगेत माणसं एकमेकांकडे बघायला लागतात, आणि पुढचा सगळा लेख त्यावरच उभा आहे.

कधी निघायचं

सकाळी ७ वाजता दार उघडतं तेव्हा फिरायला जाणारी मंडळी आणि ज्येष्ठ नागरिक आधीच हजर असतात. ९ ते ११ गर्दी चढते. उन्हाळ्यात दुपारी १ ते ३ रांग पातळ होते, पण डोक्यावर ऊन असतं. ४ नंतर पुन्हा झुंबड. थंडीतल्या मतदानाला हे गणित उलटं होतं, सकाळी लोक दुलईत असतात. तुमच्या बूथचा स्वभाव शेजाऱ्यांना विचारा. जो घरी लवकर परतला तो आनंदाने सांगतो.

नोकरी करत असाल तर सुट्टी पगारी मिळते, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-बी मध्ये तसं आहे. म्हणजे ‘साहेब ओरडतील’ ही एक काळजी घरीच सोडता येते.

पोचल्यावर आधी गणित करा

रांगेत उभं राहिलात की लगेच तक्रार सुरू करू नका, आधी मोजा. त्या मावशींनी पहिल्यांदा हेच केलं होतं. घड्याळ लावा, दारातून पाच मिनिटांत किती जण बाहेर पडतात ते बघा. मग तुमच्या पुढचे मोजा आणि भागाकार करा. पाच मिनिटांत पाच जण आणि पुढे ऐंशी माणसं, म्हणजे तास-वीस मिनिटं. आकडा वाईट असला तरी तो हातात असतो. ‘अजून किती’ हा प्रश्न दर दोन मिनिटांनी डोकं खात नाही. ‘अजून पन्नास’ म्हटलं की माणूस चिक्की काढतो आणि बोलायला लागतो.

पाच मिनिटांत पाच हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आयोगाने आता एका बूथवर जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवायचं ठरवलं आहे, आधी हा आकडा १५०० होता. १२०० पैकी ६० टक्के आले तर ७२०. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. मिनिटाला एकाहून थोडं जास्त मतदान झालं तरच दिवस पुरा पडतो. आणि लोक काही दिवसभर सारखे वाटून येत नाहीत. ९ वाजता शंभर जण एकदम आले की आतल्यांनी कितीही हात चालवले तरी शेवटच्याला तास-दीड तास लागणारच.

आत काय चालतं ते माहीत असलं की वेग समजतो. पहिला अधिकारी यादीत नाव शोधतो आणि मोठ्याने वाचतो, म्हणजे तिथे बसलेल्या उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जातं. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन टेबलावरच्या कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, तेव्हा पडद्याआडचं बॅलट युनिट, म्हणजे मत द्यायचं यंत्र, तयार होतं. मतदाराने बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, मग बीप. यंत्राला लागणारा वेळ थोडाच. वेळ जातो पहिल्या टेबलावर. अनुक्रमांक सांगितला तर नाव चटकन मिळतं, नाही सांगितला तर पानं उलटत बसावं लागतं, आणि एका भागात ‘सुनीता पाटील’ चार असतात. म्हणून तो कागद हातात धरा, आणि मागच्या-पुढच्यांकडेही आहे का ते विचारा. दहा जणांनी आपापला अनुक्रमांक शोधून ठेवला तर रांगेची पाच-सात मिनिटं वाचतात. उभ्याउभ्या करण्यासारखं याहून उपयोगी काम नाही.

महापालिकेच्या मतदानाला वेगळा हिशोब लावा. मुंबईत वॉर्डातून एकच नगरसेवक, पण ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक अशा इतर शहरांत एका प्रभागात सहसा चार जागा असतात. म्हणजे एका माणसाला चार मतं द्यायची. मतदार पडद्याआड गेला की लवकर बाहेर येत नाही. तिथे मिनिटाला एक धरू नका, दोन मिनिटांना एक धरा.

पुढचे दोन, मागचे दोन

रांगेत शंभर जण असले तरी तुमची रांग पाच जणांची असते: पुढचे दोन, मागचे दोन आणि तुम्ही. पहिल्या दहा मिनिटांत या चौघांशी ओळख करून घ्या. ‘कुठल्या बिल्डिंगमधले?’ हा प्रश्न कधी वाया जात नाही, कारण मतदारयादी घरांच्या क्रमाने असते. पुढचा-मागचा माणूस खरोखरच तुमच्या गल्लीतला निघतो. माझ्या पुढच्या ताई आमच्या मागच्याच सोसायटीत बारा वर्षं राहात होत्या. दोघींची दूधवाल्याबद्दलची तक्रार एकच.

ओळखीचा व्यवहारी फायदाही आहे. बाथरूमला जायचं असेल, सावलीत दोन मिनिटं बसायचं असेल, तर जागा राखणारं कोणी हवं. जाताना पुढच्या आणि मागच्या दोघांनाही सांगून जा. एकालाच सांगितलं आणि तो आत गेला, तर तुम्हाला कोणी ओळखणार नाही. रेशनच्या रांगेत चपला किंवा पिशवी ठेवून नंबर लावायची आपली जुनी पद्धत इथे चालत नाही. चपलेला कोणी मत देऊ देत नाही.

पाळीपाळीने बसा. केंद्रावर पिण्याचं पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि रॅम्प या किमान सोयी असायला हव्यात असं आयोगाचंच सांगणं आहे. वर्गातली बाकं बाहेर काढून ठेवा असं तिथल्या स्वयंसेवकाला किंवा बीएलओला सांगायला संकोच करू नका. आमच्याकडे कोणी तरी तोंड उघडल्यावर पाच मिनिटांत दोन बाकं आली. तोवर तासभर सगळे नुसते ‘काही सोय नाही’ म्हणत होते.

खेळ, पण हळू आवाजात

गाण्याच्या भेंड्या सगळ्यांना येतात, पण शाळेच्या व्हरांड्यात आवाज घुमतो आणि केंद्राध्यक्ष बाहेर येऊन डोळे वटारतात. त्यापेक्षा गावांच्या भेंड्या बऱ्या. नाशिक, मग ‘क’वरून कणकवली, ‘ल’वरून लातूर, ‘र’वरून राजापूर, पुन्हा ‘र’. इथे अडचण येते. महाराष्ट्रात ‘पूर’ने संपणारी गावं इतकी की ‘र’ काही संपत नाही. रत्नागिरी, रोहा, रावेर, रिसोड, रामटेक झाले की लोक रडकुंडीला येतात. म्हणून आम्ही नियम केला: ‘पूर’वाली गावं बाद. आणि डहाणू आलं की ‘ण’चा ‘न’ करायचा. या नियमांवरच पंधरा मिनिटं वाद झाला, आणि त्या पंधरा मिनिटांत रांग कधी पुढे गेली ते कळलंही नाही.

दुसरा खेळ, गाव सांगितलं की तिथला पदार्थ सांगायचा. सातारा, कंदी पेढे. सोलापूर, शेंगाचटणी. नागपूर, संत्रा बर्फी. हा खेळ दुपारी १२ नंतर खेळू नका, आम्ही खेळलो आणि सगळ्यांनाच भूक लागली.

म्हणी अर्ध्या सांगून पुऱ्या करायला लावणं हा मुलांसोबतचा खेळ. मूल रांगेत असेल तर त्याला मोजणी अधिकारी करा: दर पाच मिनिटांनी किती जण बाहेर आले ते त्याने जाहीर करायचं. माझ्या पुढच्या ताईंचा सात वर्षांचा मुलगा हे काम इतकं मन लावून करत होता की मागून माणसं त्यालाच विचारायला येत होती.

एक पथ्य. कोणाला मत देणार, कोण निवडून येणार, कोणाचं काय चुकलं, हे विषय रांगेत काढायचे नाहीत. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला कायद्यानेच बंदी आहे, पक्षाची टोपी किंवा चिन्हाचा बिल्लाही नको. पण कायदा बाजूला ठेवला तरी दोन तास ज्याच्या शेजारी उभं राहायचंय त्याच्याशी सुरुवातीलाच भांडण कशाला? पाणीटंचाई, पार्किंग, लिफ्ट, पोरांच्या परीक्षा हे विषय पुरून उरतात.

रांग थांबली की

मन सगळ्यात जास्त खचतं ते इथे. वीस मिनिटं कोणी आत जात नाही, आणि पुढून अफवा येते: ‘मशीन बंद पडलं’, मग ‘मतदान रद्द’, मग आणखी काहीबाही. यातलं पहिलं कधीकधी खरं असतं.

होतं असं. व्हीव्हीपॅट बिघडलं तर फक्त तेच बदलतात. कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्हींचा अख्खा संच बदलतात. राखीव यंत्रं क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या गाडीत असतात, ती यायला वेळ लागतो. नवा संच लावल्यावर एजंटांसमोर पुन्हा चाचणी मतदान घेऊन, ते पुसून, सील करून मगच मतदान सुरू होतं. अर्धा-पाऊण तास सहज जातो. आधी पडलेली मतं जुन्या कंट्रोल युनिटमध्ये सुरक्षित राहतात आणि मोजली जातात. ही एवढी माहिती मिळाली की निम्मी रांग शांत होते.

तेव्हा करायचं असं: रांगेतून एकाच माणसाला दारापर्यंत पाठवा. दहा जण गेले की पोलीस सगळ्यांना मागे ढकलतो. त्याने दारातल्या पोलिसाला किंवा बीएलओला दोनच प्रश्न विचारायचे, काय झालंय आणि नवीन यंत्र निघालंय का. मग परत येऊन शेपटीपर्यंत मोठ्याने सांगायचं. सांगताना भर घालायची नाही. ‘व्हीव्हीपॅट बदलतायत, गाडी निघाली आहे’ एवढंच. तोवर सगळ्यांनी बसून घ्यावं, पाणी प्यावं, लाडू काढावा. माझा राजगिऱ्याचा लाडू त्या दिवशी याच वेळी पाच जणांत वाटला गेला. वाटायचं ते आपलं घरचं. कुठल्या मंडळाच्या किंवा पक्षाच्या नावाने काही वाटलं तर तो वेगळाच प्रकार होतो.

घुसणारे आणि खरे गरजू

‘मी फक्त विचारून येतो’ म्हणून पुढे जाणारा माणूस दर रांगेत असतो. त्याच्यावर ओरडलात तर भांडण, गप्प राहिलात तर दिवसभर चिडचिड. मावशींचा उपाय साधा होता: ‘दादा, रांग इकडून आहे हो, या ना माझ्या मागे, सावली पण आहे.’ हसत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो मुकाट्याने मागे आला.

आजारी, अपंग, खूप थकलेले आणि कडेवर तान्हं मूल असलेली बाई यांना आधी आत सोडण्याची सूचना अधिकाऱ्यांच्या पुस्तिकेतच आहे. ते घुसणं नव्हे. पुष्कळ ठिकाणी बायकांची वेगळी रांग असते आणि एका पुरुषामागे दोन बायकांना सोडतात, त्यावरून पुरुषांनी कुरकुर करू नये. (घरी स्वयंपाक कोण करणार आहे, ते आठवावं.) त्या मावशींना मी दोनदा म्हटलं, तुम्ही पुढे जा, कोणी अडवणार नाही. त्या म्हणाल्या, ‘पुढे जाऊन काय करू, घरी टीव्हीच बघायचाय.’ तिसऱ्यांदा गुडघा दुखायला लागल्यावर मात्र गेल्या.

सहा वाजत आले आणि पुढे अजून पन्नास

घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे घरी जाऊ नका. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, मग रात्रीचे आठ वाजोत. केंद्राध्यक्ष सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि वाटप रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू होतं, म्हणजे मागून नवीन कोणी घुसत नाही. एक नंबरची चिठ्ठी मिळाली म्हणून हरखून जाऊ नका, ती सगळ्यात शेवटच्याची असते. वेळ जवळ आली की मागे कोणी लांबून धावत येताना दिसलं तर हाक मारा. वेळ संपण्याआधी शेपटीला पोचला तर त्याचं काम झालं.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या मतदानाची वेळ राज्य निवडणूक आयोग ठरवतो आणि ती वेगळी असू शकते. चिठ्ठीवर बघून ठेवा.

दारात

दारातून आत तीन-चार जणांनाच सोडतात. इथे आल्यावर ओळखपत्र आणि तो आकड्यांचा कागद हातात काढून ठेवा, पिशवी खांद्यावर अडकवा, छत्री मिटा. आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असं कळलं तर तिथून रडत परतू नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडे टेंडर व्होट मागा, ते कागदी मतपत्रिकेवर होतं. आतल्या माणसांशी दोन गोड शब्द बोला. ते पहाटेपासून बसलेले असतात, ७ वाजण्याच्या दीड तास आधी चाचणी मतदान घेतलेलं असतं, आणि जेवायला उठता येईलच असं नसतं. मला एकदा एका आजोबांनी ‘बाई, पाणी प्यायलात का?’ विचारलं होतं.

बाहेर पडलात की थेट फाटकाकडे जाऊ नका. आपल्याच रांगेच्या शेपटीपाशी जा आणि सांगा: ‘खोली नंबर तीन, पाऊण तास लागतोय, अनुक्रमांक शोधून ठेवा.’ मी बाहेर आले तेव्हा मावशी फाटकाजवळच्या बाकावर बसून हेच सांगत होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्यांच्या शेजारी तो सात वर्षांचा पोरगा अजून मोजत होता.